माईंची बाल्कनी आणि परदेशी पाहुणे

माई दुपारी बारा वाजेपर्यंत कोणालाही ‘नाही’ म्हणत नाहीत, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. जे बिल्डिंगमध्ये राहत नव्हते त्यांनाही ते कसं कोण जाणे कळलेलं असे. हा त्यांचा रोजचा नेम. सकाळच्या प्रहरी दारात कोणाच्या रूपाने कोण उभं राहील सांगता येत नाही, तेव्हा निदान बारापर्यंत तरी कोणाला विन्मुख पाठवायचं नाही, असं त्यांचं आणि देवाचं आपसांत ठरलेलं होतं. बारा वाजले की माई तुमच्या-आमच्यासारख्याच. साडेबाराला कोणी वाटीभर साखर मागायला आलं तर “अहो, परवाचीच वाटी यायची आहे की,” असं गोड हसून सांगत. म्हणून शहाणी माणसं अकराला जात.

आता अशा घरात चार भांडी शिल्लक राहायची तर कोणीतरी ‘नाही’ म्हणणारं हवं. ते खातं नानांकडे होतं. नानांची उभी हयात सरकारी नोंदणी कचेरीच्या खिडकीमागे गेली होती आणि ‘नाही’ या विषयात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ‘आज नाही’, ‘इथे नाही’, ‘साहेब जागेवर नाहीत’, ‘तसा नियम नाही’ आणि ‘नियम आहे, पण तसा नाही’ हे सगळे प्रकार त्यांना सारखेच अवगत. निवृत्तीनंतर एवढी विद्या फुकट जायची. माईंच्या नेमाने तिचं चीज केलं. सकाळचा चहा झाला की नाना पेपर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसत. बेल वाजली की आधी नाना. बाराचे ठोके पडले की उठून म्हणत, “घे गं बाई तुझं खातं,” आणि आंघोळीला जात. नवरा-बायकोत कामाची इतकी स्वच्छ वाटणी फार थोड्या घरांत असते.

घोटाळा झाला तो नानांच्या दाढेमुळे.

त्या आठवड्यात शहरात परदेशचे एक राष्ट्राध्यक्ष येणार होते. साधे पाहुणे नव्हेत. पेपरच्या पहिल्या पानावर त्यांनी बांधलेली धरणं, पूल आणि सरळसोट रस्ते असत, आणि आतल्या पानावर त्यांनी भरलेले तुरुंग. पहिलंच पान वाचणारे म्हणत, “माणूस असावा तर असा.” आतलं पान वाचणारे म्हणत, “असा माणूस नसावा.” त्यांच्या गाड्यांचा ताफा नेमका नानांच्या रस्त्यावरून जाणार होता, आणि रस्त्याच्या वळणावर, चारी बाजूंनी दिसेल अशी बाल्कनी एकच होती. पहिल्या मजल्यावरची. माईंची.

बिल्डिंगच्या तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर हे स्वागत समितीचे अध्यक्ष. समिती त्यांनीच काढली होती, त्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली. त्यांनी जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, सगळीकडे नानांना गाठून बाल्कनी मागितली होती. नाना प्रत्येक वेळी नवीन प्रकारचं ‘नाही’ म्हणाले होते.

आणि तेवढ्यात नानांची दाढ पडली.

“नाना, कवळीचं माप आजच घेऊन टाकू,” डॉक्टर म्हणाले. “सकाळी दहाला या. गर्दी नसते.”

नाना गेले. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, गळ्याशी फडकं बांधलं, आणि गुलाबी लगद्याने भरलेला एक साचा त्यांच्या तोंडात दाबून बसवला. “आता हा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही हं. बोलायचं तर मुळीच नाही. हललात तर पुन्हा पहिल्यापासून.” एवढं बोलून डॉक्टरांनी हात धुतले, केसांवरून कंगवा फिरवला आणि दवाखान्याबाहेर पडले.

कंगवा फिरवला तेव्हाच नानांना कळायला हवं होतं. दाताच्या डॉक्टराला कंगवा कशाला?

वर बेल वाजली. स्वतःच्या घराची बेल नाना झोपेतही ओळखत. “ऊं!” नाना म्हणाले. लगद्याने ते ऊं गिळून टाकलं. छतातून डॉक्टरांचा आर्जवी आवाज आणि माईंचा मऊ आवाज येत राहिला. मग दार लागलं. पण डॉक्टर खाली यायच्या आत पुन्हा बेल! हा पावलांचा धपधपाट नानांच्या भाचीचा, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढायची तिची लहानपणापासूनची सवय. ती गेली न गेली तोच तिसरी बेल, आणि या वेळी बुटांचा आवाज. आयुष्यभर खिडकीमागे बसून जगाला थोपवून धरलेला माणूस. आज त्याच्या डोक्यावर त्याचंच घर लुटलं जात होतं आणि तो तोंडात साचा घेऊन छताकडे बघत होता.

घरी आल्यावर नानांनी पहिला प्रश्न विचारला, “कोणकोण आलं होतं?”

माई भाजी निवडत होत्या. “डॉक्टर आले होते. पाहुण्यांच्या स्वागताचा फलक लावायला बाल्कनी हवीय म्हणाले.”

“मग?”

“हो म्हटलं.”

“आणि आपली ठिणगी?” भाचीला घरात सगळे ठिणगी म्हणत. ती कॉलेजात शिकवायची आणि कॉलेज सुटल्यावर मोर्चे काढायची.

“तिला निषेधाचं काळं कापड लावायला बाल्कनी हवीय.”

“मग?”

“हो म्हटलं.”

नाना खाली बसले. “आणि ते बूट कोणाचे?”

“बंदोबस्ताचे साहेब. भला माणूस हो! बूट काढून आत आले. त्या दिवशी बाल्कनी पूर्ण रिकामी आणि बंद ठेवाल का, असं विचारत होते.”

“त्यांनाही हो?”

“अकरा वाजले होते,” माई म्हणाल्या.

“काही हरकत नाही,” नाना उठत म्हणाले. “मी आत्ता जातो आणि तिघांनाही नाही सांगून येतो.”

माईंनी भाजीवरून मान वर केली. “अहो, शब्द माझा गेलाय. आधी ‘नाही’ म्हणाला असतात तर ते तुमचं ‘नाही’ झालं असतं. आता म्हणालात तर माझा शब्द मोडल्यासारखं होईल. इतकी वर्षं देवाने सांभाळून घेतलंय. तुम्ही नका मध्ये पडू.”

त्या हे रागावून म्हणाल्या असत्या तर नाना भांडले असते. पण माईंचा आवाज कधी चढत नसे, आणि न चढणाऱ्या आवाजाशी भांडायला नाना कुठल्याच कचेरीत शिकले नव्हते. बायकोच्या नेमाची ते बाहेर कितीही थट्टा करोत, तो मोडला तर तिच्या चेहऱ्यावर काय दिसेल हे त्यांना बघायचं नव्हतं. त्यांनी मनाशी ठरवलं: तिन्ही होकार पाळायचे. एका बाल्कनीत.

पहिल्यांदा त्यांनी सुतळी घेऊन बाल्कनी मोजली आणि खडूने तिची वाटणी केली. डावीकडे स्वागत, उजवीकडे निषेध, मध्ये बंदोबस्तासाठी मोकळी जागा. शेजारच्या काकू आपल्या बाल्कनीतून हे बघत होत्या. “मधली जागा ठेवलीत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “आमच्या दोन्ही सुनांमध्ये मी तशीच ठेवलीय.”

मग परवानग्या. स्वागताच्या फलकाला परवानगी लागते आणि निषेधाच्या कापडालाही लागते. दोन्ही एकाच कचेरीत, एकाच खिडकीवर. नाना आधी डॉक्टरांचा अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले, मग रांगेच्या शेवटी जाऊन भाचीचा अर्ज घेऊन पुन्हा उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाने दुसऱ्या खेपेला चष्मा वर केला.

“आजोबा, मघाशी स्वागताचा दिलात. आता निषेधाचा देताय. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?”

“बाल्कनीच्या,” नाना म्हणाले.

“साहेब जागेवर नाहीत. उद्या या.”

खिडकीच्या या बाजूने ते वाक्य नानांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वाक्य फेकायची लकब उत्तम होती, दाद द्यावी अशी. पण लागत होतं, हे खरं.

दोन दिवसांनी परवानग्या मिळाल्या, डॉक्टरांचा फलक आला आणि सुतळीने केलेला तह मोडला. फलक बाल्कनीपेक्षा मोठा होता. पाहुण्यांचा चेहरा वरपासून खालपर्यंत सगळी बाल्कनी झाकून उरला. हनुवटी दवाखान्याच्या पाटीवर टेकली आणि डावा कान शेजारच्या काकूंच्या कठड्यावर गेला. “नाना, हा कान आमच्या हद्दीत येतोय,” काकू म्हणाल्या, “माझे कपडे कुठे वाळत घालू?” घरात दिवसाउजेडी अंधार झाला. आतून बघितलं तर उलट्या बाजूने पाहुण्यांच्या मिशा दिसत, आणि माई पूजेला बसल्या की त्या मिशा वाऱ्याने हलत.

त्याच संध्याकाळी ठिणगी आली. “मामा! तुमच्या घराला हुकूमशहाचं नाक आलंय!”

“हळू बोल. डॉक्टर खाली आहेत.”

“ऐकू देत की! त्यांना विचारा, ज्याने कवींना तुरुंगात घातलं त्याला फुलं उधळायची?”

डॉक्टर ऐकतच होते. ते वर आले. “अहो ताई, मुत्सद्देगिरी असते. पाहुणा दारात आला की त्याची कुंडली काढत नाहीत.”

“मग चोर दारात आला की?”

“चोर ताफा घेऊन येत नाही.”

“तेच तर! ताफा घेऊन येतो तो मोठा चोर!”

नाना मध्ये बसून दोघांकडे आलटूनपालटून मान डोलावत होते. त्यांना खरोखर दोघांचंही पटत होतं. डॉक्टर म्हणत ते बरोबर वाटे, आणि भाची बोलायला लागली की तेही बरोबर वाटे. बाहेर पाहुण्यांच्या मिशा हलत होत्या आणि त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

तो दिवस उजाडला. ताफा सकाळी साडेदहाला जाणार होता. नऊपासून माईंच्या दिवाणखान्यात डॉक्टर पाकळ्यांची परडी घेऊन, ठिणगी काळ्या कापडाची गुंडाळी घेऊन, आणि बंदोबस्ताचे साहेब एका हवालदाराला घेऊन बसले होते. माईंनी सगळ्यांना चहा दिला. बाल्कनीच्या दाराला कुलूप होतं, किल्ली साहेबांकडे. दारापलीकडे फलक होता, दोऱ्या खाली डॉक्टरांच्या दवाखान्याशी बांधलेल्या. आणि फलकावर ठिणगीला कापड टाकायचं होतं. म्हणजे तिन्ही होकार, म्हटलं तर, एकावर एक पाळले जात होते. नानांना क्षणभर आपला अभिमान वाटला.

साडेदहा झाले. अकरा झाले. ताफा विमानतळावरच अडकला होता म्हणे. चहा पुन्हा झाला. रिकामा बसलेला माणूस भांडल्याशिवाय राहत नाही. भांडण पेटलं, आणि शेवटी तिघांनीही माईंना मध्ये ओढलं.

“वहिनी, तुमची बाल्कनी. तुम्हीच सांगा, स्वागत करायचं ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो,” माई म्हणाल्या.

“मामी! अगं निषेध करायचा ना?”

“हो गं.”

“बाई, बाल्कनी बंदच ठेवायची ना?” साहेबांनी अदबीने विचारलं.

“हो, हो.”

नानांनी घड्याळाकडे बघितलं. बारा वाजायला आले होते. बारा वाजले की माई मोकळ्या होणार, कोणाला तरी ‘नाही’ म्हणणार, आणि उरलेल्या आयुष्यात जिन्यात कोणाची ना कोणाची तरी नजर चुकवावी लागणार. बारा वाजत आल्याचं हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात आलं. काटा काट्यावर आला, बारा ठोके पडले, आणि सगळे माईंकडे बघायला लागले.

बेल वाजली.

नानांनी दार उघडलं. दारात वरचे सर उभे होते. वरच्या मजल्यावर एका खोलीत राहणारे, एका संस्थेत परदेशी भाषा शिकवणारे सर. ते पाहुण्यांच्याच देशातले. तिथून निघून आले होते, एवढंच बिल्डिंगला माहीत होतं. जिन्यात भेटले की किंचित वाकून बाजूला होत. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, सकाळीही नाही. आपली भाषा ते पुस्तकातून शिकले होते आणि पुस्तकासारखीच बोलत.

“क्षमा असावी,” सर म्हणाले. “आपल्या पत्नींकडे एक विनंती आहे.”

सवयीने नानांच्या जिभेवर ‘नाही’ आलं. पण बारा वाजून गेले होते. खातं आता त्यांचं नव्हतं. ते बाजूला झाले.

“मी नऊपासून जिन्यात थांबलो होतो,” सर माईंना म्हणाले. “आपला नेम मला ठाऊक आहे. ताफा आधीच निघून गेला असता, तर ते माझे दुर्दैव. आधी आलो असतो, तर आपल्याला नाही म्हणता आलं नसतं. आता म्हणता येईल.”

माईंच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांच्या नेमाचा फायदा घेणारे रोज येत. त्यांना नेमातून सोडवून मग मागणारं माणूस त्यांच्या दारात कधीच आलं नव्हतं.

“काय हवंय तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“बाल्कनीत उभं राहायचं आहे. ओरडणार नाही, काही फेकणार नाही. ते आमच्या गावात येत तेव्हा आम्हाला रस्त्याच्या दोन्ही कडांना माना खाली घालून उभं करत. माझ्या भावाने एकदा मान वर केली. तो अजून आत आहे.” सर थांबले. पुस्तकात पुढचा शब्द सापडत नसावा. “मला एकदा मान वर करून त्यांच्याकडे बघायचं आहे. एवढंच.”

डॉक्टरांनी परडी जमिनीवर ठेवली.

माई उठल्या. पदराला हात पुसले आणि पहिल्यांदा डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “मी तुम्हाला शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण तुम्ही तो मला परत देऊ शकता. मी मागते आहे. फलक खाली घ्याल?”

ज्या बाईकडून डॉक्टरांनी आजवर इस्त्रीपासून शिडीपर्यंत सगळं नेलं होतं (शिडी अजून त्यांच्याकडेच होती) ती बाई आज पहिल्यांदा काहीतरी मागत होती. डॉक्टर खाली गेले आणि दोऱ्या सोडायला लागले. पाहुण्यांचा चेहरा कपाळापासून दुमडत गेला आणि दिवाणखान्यात कितीतरी दिवसांनी ऊन आलं.

“तुझंही कापड, बाळ,” माई म्हणाल्या. “ते लावलंस तर लोक कापडाकडे बघतील.”

ठिणगी आधीच ते पिशवीत कोंबत होती. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि त्याचा तिला राग आला होता.

राहिले बंदोबस्ताचे साहेब. “बाई, माझ्यावर ही वेळ आणू नका. बाल्कनी रिकामी हवी असा वरून आदेश आहे. मी नाही—”

इथे नाना पुढे झाले. साहेबांचं ‘नाही’ त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. ‘वरून आदेश’वालं ‘नाही’ हे सगळ्यांत मऊ; त्याच्यात नुसतं दार शोधावं लागतं.

“साहेब, बंदोबस्ताचा हवालदार बाल्कनीत उभा राहू शकतो का?”

“तो राहू शकतो.”

“आणि एखाद्या इसमाचा संशय आला, तर हवालदाराने त्याला धरून आपल्याजवळ उभं करावं की मोकळं सोडावं?”

साहेबांनी नानांकडे बघितलं, सरांकडे बघितलं, मग हातातल्या किल्लीकडे. “धरून,” ते म्हणाले, आणि त्यांनी कुलूप उघडलं.

“चालेल ना हो, सर?” नानांनी ओशाळून विचारलं.

“चालेल,” सर म्हणाले. “मला सवय आहे.”

सर कठड्याशी उभे राहिले. हवालदाराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माई सरांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना धरायला कोणी नव्हतं, पण साहेब त्यांनाही काही म्हणाले नाहीत. खाली फलकाची गुंडाळी काखेत घेऊन डॉक्टर फुटपाथवर उभे होते. दुरून सायरन ऐकू आला. मोटारसायकली गेल्या, काळ्या गाड्या गेल्या, आणि मग वळणावर वेग कमी करत ती लांब गाडी आली. सरांनी मान वर केली. दारातून बघणाऱ्या नानांना एवढंच दिसलं, की हवालदाराचा हात सरांच्या खांद्यावर नव्हता. तो कधी खाली आला ते खुद्द हवालदारालाही सांगता आलं नसतं.

गाडी गेली. रस्ता पुन्हा रस्ता झाला.

डॉक्टर धापा टाकत वर आले. “बघितलंत? मला गाडीच्या खिडकीतून स्पष्ट दिसले! झोपले होते हो! मान मागे टाकून, तोंड उघडं! खालच्या दोन्ही दाढा नाहीत!”

“झोपले होते?” ठिणगी किंचाळली. “म्हणजे त्यांनी सरांना बघितलंच नाही?”

सगळे सरांकडे वळले. सर कठड्यावर हात टेकून उभे होते.

“त्यांनी बघावं म्हणून मी आलो नव्हतो,” ते म्हणाले. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “दोन्ही दाढा?”

“दोन्ही! आणि वरची एक हलत असणार, पैज लावतो.”

सर हसले. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग भिंतीचा आधार घेऊन. ते कसं हसतात हे बिल्डिंगमध्ये कोणी ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. हवालदार उगीचच रस्त्याकडे बघत राहिला.

माई आत गेल्या आणि ताटं मांडायला लागल्या. साहेबांना, हवालदाराला, डॉक्टरांना, सगळ्यांना. पहिलं ताट त्यांनी सरांसाठी ठेवलं. सर रुमाल घडी करून खिशात ठेवत दाराकडे निघाले होते.

“नाही, नाही,” ते वाकून म्हणाले, “आपणांस आणखी कष्ट नको—”

नाना दाराजवळच्या आपल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी पाय लांब करून वाट अडवली.

“सर, बारा वाजून गेलेत,” ते म्हणाले. “आता या घरात ‘नाही’ फक्त ही म्हणते. बसा.”